लाँच तिकडं, लाट हिकडं

४ फेब्रु. ९६, रविवार
तात्यारावाच्या लाँचच्या लाटेनं आज परत काकडीच्या दोन ओळी नेल्या. धरणाचं पाणी हटलं की गाळावर लावते, तेवढीच माझी जमीन. काठाजवळनं हळू जा म्हणलं तर म्हणतो, "आक्का, माझी लाट शंभर पावलांत मरती. म्हशी तुडवत असतील." म्हशीचे खूर मला ओळखू येत न्हाईत व्हय.

७ फेब्रु.
पुण्याहनं एक बाई आल्या, जीपमधनं. पँट घातलेली, पण बोलणं सरळ. विमानातनं पाण्यावरच्या लाटा मोजणार. रडार म्हणतात. उद्या नऊला ता.रावनं लाँच एका चालीनं न्यायची.
एवढ्या वरनं लाट दिसती कशी, म्या विचारलं. आडात हाक मारल्यासारखं म्हणाल्या. गुळगुळीत पाण्यावरनं हाक निसटून जाते, खडबडीत पाण्यावरनं परत येते. पाणी कुठं सरकतंय तेबी कळतं म्हणं. जेवताना तेच डोक्यात.

८ फेब्रु.
विमान आलं. लहानगं, पांढरं. मी गाळात पाच काड्या रोवून बसले. लाँच गेली. पान लावून तोंडात टाकलं तरी लाट न्हाय. मग आली. तीन काड्या आडव्या.
सांजच्याला ता.राव म्हणाला, आज तर बैलगाडीच्या चालीनं नेली.

२ मार्च
बाई चित्र घेऊन आल्या. काळं पाणी, त्यात लाटेचा पांढरा चिमटा. चिमट्याचा एक पाय थेट माझ्या काठाला. म्या बोट ठेवलं. पण लाँचचा ठिपका चिमट्याच्या टोकाला न्हाय. बाजूला, एकटाच.
ता.राव खुलला. "बघा बाई, लाँच तिकडं, लाट हिकडं. ही माझी न्हायच." धक्क्यावरची समदी हसली.
बाई म्हणाल्या, "उभी लाँच जागेवर दिसते. चालती असली की रडारला तिचा ठिकाणा चुकतो. जितकी जोरात, तितका ठिपका लांब."
ता.रावनं टोपी काढली, परत घातली.
मग किती जोरात, म्या विचारलं. बाई सांगंनात. त्यांचा आकडा तयार हाय, पण तो बरोबर आला का ते ताडून बघायचंय, म्हणून लाँचवाल्यानं आपला चालीचा आकडा आधी कळवायचा. पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवून गेल्या.

५ मार्च
ता.राव कार्ड माझ्याकडं देऊन गेला. आक्का, तूच लिही, बैलगाडीची चाल.
काल त्याच्या लाँचमधी बसले, मागं तोंड करून. लाट उठते तितं बारीक, काठाला उथळात जाऊन मोठी होती. तो कायम पुढं बघतो. त्याला खरंच ठाऊक नसंल. लाटेचं.
पण चालीचं?

९ मार्च
आणिक एक ओळ गेली. कार्ड कोरंच. आज नेऊन त्याच्या लाँचच्या सुकाणूच्या चाकापाशी खोचलं. मी लिहिणार न्हाय, त्याचा हिशोब सून लिहिते, तिनंबी लिहायचं न्हाय. उत्तर तात्यारावानंच द्यायचं, आपल्या हातानं.