पानाच्या पोटातले पाच शब्द

लिहून ठेवणार: सुपडू झिपरू मिस्तरी, वय त्रेसष्ट, धंदा लाकडी धोटे बनवणे, राहणार नवागाम, सुरत, मूळ गाव पारोळा तालुक्यातले. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि कोणी दम देऊन हे लिहून घेतलेले नाही. दम दिलेला आहे, पण तो दुसऱ्या कारणासाठी. देणाऱ्याबद्दल पुढे लिहितो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात रक्तदाब जास्त असल्याचे लिहिले आहे. तो नोटीस आल्या दिवसापासूनचा आहे.

कलम १. नवागामचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी सौ. उषाबाई हिचे. पूर्ण मालकीने, नुसते राहण्यापुरते नव्हे. वीस वर्षे याच घराच्या उंबऱ्यात बसून तिने लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या.

कलम २. रंधे, पटाशा, करवती आणि लहान लेथ मुलगा योगराज याला. पात्यांना दर आठवड्याला धार लावावी. लावणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम ३. संगणक आणि त्याचे टेबल मुलगी सोनाली हिला.

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे, नाहीतर पुढचे वाचून म्हातारा चळला असे वाटेल. मागावर आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो तो धोटा. त्याला कुठे खरखर राहिली की धागा तुटतो. १९७८ साली पहिले गिऱ्हाईक मिळाले तेव्हापासून ‘धागा तुटला तर धोटा परत’ हे माझे बोलणे. पाटीवर तेच, खोक्यातल्या चिठ्ठीवर तेच, सायकलवरून ओरडायचो तेही तेच. पलसाणा रस्त्यावरची एक कंपनी आठ वर्षे माझ्याकडून धोटे घेत होती. तिचे नाव मी माझ्या शेवटच्या कागदावर येऊ देणार नाही. धोट्यांबरोबर तिने चिठ्ठ्याही नेल्या, आणि १९९१ साली तेच पाच शब्द ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवून टाकले. मग माझ्याकडून धोटे घेणेही बंद केले. जमिनीची नोंद होते, लग्नाची होते, एवढे मला ठाऊक होते. बोलण्याची होते हे कोणी सांगितलेच नाही. पाटीवरची अक्षरे मी माझ्या हाताने खरवडून काढली आणि त्या दिवशी रडलो.

यंदा सोनालीने आपल्या धंद्याची वेबसाइट बनवली. वाचणाऱ्याला दिसेल अशा मजकुरात ते शब्द कुठेच नाहीत. पानाच्या पोटात, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी, तिने ते इंग्रजी अक्षरांत घातले. कोणी इंटरनेटवर ते शब्द शोधले तर कंपनीबरोबर आपलेही पान निघावे, एवढाच हेतू. इचलकरंजीहून एक चौकशी आलीसुद्धा. तिच्या पाठोपाठ कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: पंधरा दिवसांत शब्द काढा, लेखी माफी मागा, तुम्ही आमच्या गिऱ्हाइकांची दिशाभूल करता. मी दिशाभूल करतो! आणि जे दिसतच नाही त्याबद्दल नोटीस? उद्या मी मनात काय म्हणतो याचीही झडती घ्यायला येतील.

योगराज म्हणाला, “आबा, कायद्यानं ते त्यासनं शे. काढी टाकू. परत काम देतीन आपले.” त्या रागात मी पुढचे कलम लिहिले.

कलम ४. धोट्यांचा कारखाना जो ते शब्द पानाच्या पोटातून काढणार नाही त्याच अपत्याला मिळेल. काढणाऱ्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

(वरील कलम मी स्वतः आडवी रेघ मारून रद्द केले आहे. समासात सही केली आहे.)

रद्द का केले ते लिहितो. परवा दुपारी जेवताना मी ते वाचून दाखवले. योगराज भरल्या ताटावरून उठला. सोनाली म्हणाली, असा कारखाना मला नको. मी म्हणालो, शब्द माझे आहेत, माझ्या तोंडचे आहेत. तेव्हा भाकरी थापता थापता उषाबाई बोलली.

“तुमना तोंडना? पहिला गिऱ्हाईक उना तवय तुम्ही तोंड वासीसन उभा व्हतात. ते मी म्हनेल शे.”

मला सगळे आठवले. बमरोलीचा कारखानदार धोटा उलटसुलट करून बघत होता, मला काही सुचत नव्हते, आणि उंबऱ्यातून कांडी भरता भरता ती बोलली. तो हसला आणि दोन डझन धोटे घेऊन गेला. एकवीस वर्षे मी तिचे शब्द माझे म्हणत आलो. कंपनीने निदान नोंद तरी केली, मी तेवढेही केले नाही.

कलम ५. सबब ते पाच शब्द, जेवढे माझे असतील तेवढे, उषाबाईला परत करतो. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे. तिने तिथेच ठरवले: “काढी टाक, सोनाली. माले दुसरं सुचस.” शब्द काढले आहेत. कंपनीची माफी मात्र कोणी मागायची नाही, मी असताना नाही आणि गेल्यावरही नाही. ज्या एका माणसाची मला मागायची होती तिची मी मागितली आहे.

कलम ६. कारखाना योगराज आणि सोनाली दोघांना निम्मा-निम्मा. खांदा दोघांनीही द्यावा.

कलम ७. ‘हात जोडून मोकळे व्हा’ असा सल्ला देणारे मेहुणे सुकदेव यांना माझी काळी छत्री. ती दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे. कंपनीकडून हार आला तर दारातूनच परत पाठवावा.

कलम ८. उषाबाईने नवे वाक्य काल सांगितले. पहिल्यापेक्षा सरस आहे. ते येथे लिहीत नाही, कारण हा कागद चार हातांतून जाणार आहे. उद्या दोन्ही मुले ट्रेडमार्कचा अर्ज घेऊन अहमदाबादला निघतील. मालकाच्या रकान्यात नाव उषाबाई सुपडू मिस्तरी. त्या नावाची नोंद झाल्याचा कागद घरात येईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्याची वेळ मी येऊ देणार नाही.

सही: सुपडू झिपरू मिस्तरी

साक्षीदार:
१. बळीराम तोताराम बोरसे, माग दुरुस्त करणारे जॉबर, नवागाम
२. विठ्ठल दगा पाटील, किराणा दुकानदार, नवागाम
(दोघांनी माझी सही समक्ष पाहिली. नवे वाक्य दोघांनीही ऐकलेले नाही.)

ठिकाण: सुरत
तारीख: १४ नोव्हेंबर १९९९