मागच्या सीटचा पट्टा

मंगळवार, देवळी

वर्ध्याहून येताना आईनं आज पहिल्यांदाच मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढला, अन् तिच्या मांडीवर वाळलेला गाळ सांडला. म्हणजे माही ही आलिशान, लांबलचक सेकंडहँड गाडी पुरात बुडालेली होती! विकणारा कोण, तं सख्खा मावसभाऊ विलास. फोन केला तं म्हणाला, "मले काय माहीत, बाप्पा?"

माहीत नव्हतं? मंग गाडीच्या पूजेच्या दिवशी काय होतं ते? नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, आईले मागं बसवलं. तिनं पट्टा धरला, तं यानंच तिचा हात अलगद बाजूले केला. "राहू दे मावशी, नवी साडी चुरगळन."

आई तेव्हापासून गल्लीभर सांगत होती, "पोटच्या पोरालेही माह्या साडीची एवढी काळजी नाई."