तुझ्या कोपराबद्दल मी जे बोललो

प्रिय ट्रेंट,

तुझ्या कोपराची बातमी कुणी फोडली, हे तू महिनाभर शोधतोयस. तुझा संशय कोचवर आहे. ते कोच नव्हते.

मे महिन्यातल्या त्या बेसबॉलच्या सामन्यात मला तिसऱ्या इनिंगलाच कळलं. तीन वर्षं तू फेकलेला चेंडू झेलणारा कॅचर मीच आहे. तुझा चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये उशिरा आणि मऊ येत होता. मी धावत तुझ्यापाशी आलो, तेव्हा तू म्हणालास, "बोटं बधिर झालीत. पण जाळीमागे सात व्यावसायिक संघांची माणसं बसलीत, एमेट. ड्राफ्टची निवड तोंडावर आलीय. तू गप्प राहा."

सामना संपल्यावर त्या संघांच्या माणसांपैकी एकाने मला पार्किंगमध्ये गाठलं. "त्याचा हात ठीक आहे ना?" त्याने सहज विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

मग तपासणी झाली. कोपरातला अस्थिबंध अर्धा फाटलेला निघाला. ड्राफ्टच्या दिवशी तुमच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो आणि निवडलेल्यांत तुझं नाव आलंच नाही. तुझी आई सगळ्यांना बार्बेक्यू वाढत राहिली.

डॉक्टर म्हणतात, आणखी दोन सामने खेळला असतास तर अस्थिबंध पुरता तुटला असता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की तीन वर्षांत त्या माणसांपैकी एकानेही माझं नाव विचारलं नव्हतं.

उद्या ऑपरेशनला मीच तुला न्यावं असं तू म्हणालास. "दुसऱ्या कुणावर आता भरवसा नाही रे."

सकाळी सहाला गाडी घेऊन येतो. हे पत्र मात्र माझ्या घरीच ठेवतोय.

तुझा,
एमेट