कोऱ्या डोळ्यांची सहा माणसं

वाडी, बडोदे
ता. ९ नोव्हेंबर १९९७

चि. लक्ष्मीकांत यास दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तूही बराच असशील. फोनवर ओरडण्याइतका दम आहे म्हणजे तब्येतीला काही झालेलं नाही.

"दादाने अर्धवट काम पाठवलं" असं तू जशुभाईंना फोनवर म्हणालास. त्यांनी ते मला माझ्याच घरी, माझाच चहा पीत ऐकवलं. म्हणून या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. शाडूची सहा डोकी, छातीपर्यंत, प्रत्येकी चौदा इंच. त्यांचे प्लास्टरचे साचे. साच्यांतून फायबरचे पुतळे, घासून, अस्तर देऊन, रंगवून. जॉन म्यूरच्या दाढीचा केस न् केस, तुटक्या करवतीच्या पात्याने ओढलेला. मेरी हॅरिस जोन्सबाईंचा चष्मा, जळलेल्या पंख्याच्या तांब्याच्या तारेचा. सहा पितळी पाट्या, अक्षरं कोरलेली. सहा देवदारी खोकी. फाइन आर्ट्स कॉलेजच्या फाटकासमोरून मी फक्त सायकलवरून गेलोय, हे तुला ठाऊक आहे.

तुझे मालक रमणभाई यांना मोटेलच्या हॉलमध्ये अमेरिकेत नाव काढलेले आयरिश आणि स्कॉटिश लोक हवे होते, कारण त्या गावची वस्ती त्याच वंशाची. ठीक. मी मांडवीच्या लायब्ररीत पाच शनिवार काढले. कार्नेगी डन्फर्मलिनचा, विणकराचा मुलगा. टेलिफोनवाला बेल एडिंबरोचा. पिंकर्टन ग्लासगोचा, आधी पिंपं करायचा, मग गुप्तहेर झाला. रानं राखण्यासाठी झटणारा म्यूर डनबारचा. जोन्सबाई कॉर्कच्या. व्हाइट हाउसचा आराखडा काढणारा होबन किल्केनीचा. एवढं शोधून तुमच्याकडे पाटी काय लागली? "ग्रेट इंग्लिशमेन". अरे, ते सहाही जण थडग्यातून उठून रमणभाईंचं काउंटर फोडतील! आपल्याला पुण्याला गेलं की गुजराती म्हणतात आणि इथे दक्षिणी म्हणतात, तेव्हा तुझं डोकं फिरायचं ना? मग ती पाटी उतरव. आणि कार्नेगीशेजारी जोन्सबाईंना ठेवू नकोस. तो पोलादाच्या कारखान्यांचा मालक, त्या मजुरांच्या बाजूच्या.

जशुभाई रमणभाईंचे मेहुणे म्हणून मी किती सोसायचं? हे काम घेऊन आले त्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "दत्ताजीराव, स्कॉटलँडवाळा एटले घाघरो तो जोईए ज ने!"

म्हटलं, "जशुभाई, पुतळा छातीपाशी संपतो. घागरा काय गळ्यात बांधू?"

"तो पछी आयरिशने लीली टोपी पहेरावो."

हिरवी टोपी! होबनला! तुझी वहिनी आत पदर तोंडात धरून हसत होती.

त्या होबनचं मला एकच चित्र मिळालं, तेही एका बाजूचं. समोरून तोंड कसं असेल ते मलाच ठरवावं लागलं. तो तुझ्यासारखा दिसतो असं रमणभाई म्हणाले म्हणे. दिसत असेल. हाताला जी हनुवटी सवयीची, तीच होते. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

आणखी एक सांगतो. सहाही जण जन्मगाव सोडून गेले आणि मोठे झाले. त्यांच्या मागे घरी जे राहिले असतील, त्यांच्यातल्या एकाचंही चित्र मला पाच शनिवारांत सापडलं नाही.

आता डोळे. खोकी बंद करायच्या दिवशी जशुभाई दचकलेच. "अरे, आ तो बधा आंधळा छे!" मी सांगितलं, संगमरवरी पुतळ्यांना बुबुळं नसतात, मोठी पद्धत आहे ती. त्यांना पटलं. तुला पटणार नाही हे मला खोक्याला खिळा मारतानाच माहीत होतं. गालाला गुलाबी रंग, भुवया रंगवलेल्या, आणि डोळे तेवढे कोरे! अशी कुठलीही पद्धत नाही.

तू एक्याण्णव साली गेलास तेव्हा चतुर्थीला अठरा दिवस होते आणि फळीवर अकरा गणपती आखणीवाचून उभे होते. घडण माझी, डोळ्यांची आखणी तुझी, हे आपण कधी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं. तिकीट काढल्याचं तू मला आदल्या दिवशी सांगितलंस. मीही हट्टाला पेटलो. अकराही मूर्तींचे डोळे मीच केले. आपले दरसालचे गिऱ्हाईक बळवंतराव चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यांची मूर्ती परत घेऊन आले, वर रेशमी रुमाल झाकलेला. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "दत्ताजीराव, देव आपल्याकडे बघत नाही हो," एवढंच म्हणाले.

रुमाल काढून पाहिलं. खरंच बघत नव्हता.

त्यानंतर मी गणपती केलेला नाही. तुला कळवलं होतं की शाडू पूर्वीसारखी मिळत नाही. शाडू उत्तम मिळते.

जशुभाई गुरुवारी तिकडे यायला निघतात. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि बांबूची एक नळी पाठवतो. नळीत तुझा आखणीचा कुंचला आहे, खारीच्या केसांचा. सहा वर्षांत मी तो दोनदा धुतला, वापरला एकदाही नाही. ती सहा माणसं तुझ्या काउंटरसमोर उभी आहेत. सुट्टीच्या दिवशी, उजेड चांगला असताना एकेकाला खाली घे. बेलचे डोळे काळसर ठेव. जोन्सबाईंचा चष्मा कानांवरून अलगद निघतो, ओढू नकोस. होबनचं मी काही सांगत नाही. आरशात बघून कर.

काम अर्धवट आहे. तू बरोबर म्हणालास.

तुझ्या हाताची वाट पाहणारा,
दादा

ता. क. जशुभाईंनी आणलेल्या नव्या कामाला मी नाही म्हटलं. तुझी वहिनी म्हणते, नुसतं 'नाही म्हटलं' एवढ्याने लक्ष्मीकांतला काही कळणार नाही, सगळं लिहा. रमणभाईंच्या भावांच्या चार मोटेलांसाठी आणखी चार संच, चोवीस डोकी, आणि डोळ्यांच्या जागी मंगळ बजारातले बाहुल्यांचे प्लास्टिकचे डोळे चिकटवायचे. निम्मे पैसे आगाऊ. एकूण दोन लाख चाळीस हजार रुपये.