लोटाभर कमी

माय, तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मीच ते चुलीपाशी बसून वाचून दाखवायची. शाळेतल्या मराठीतलं एखादं जड वाक्य आलं की भाकर थापता थापता तुझा हात थांबायचा, आणि मी ते आपल्या अहिराणीत सांगायची. हे पत्र मात्र मी शाळेच्याच मराठीत लिहिते आहे, आयुष्यभर शिकवून हाताला तेच वळण लागलंय. सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा चहा टाकला, एकदा गच्चीवरचे कपडे काढले. ते वाळलेही नव्हते.

झालं असं, की गेल्या आठवड्यात इथे नंदुरबारला एका कॉलेजात मला वादविवाद स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता, माणसाची प्रत्येक कृती स्वार्थातूनच होते का. एक मुलगी उभी राहिली आणि बोलायला लागली, आणि मी गुण लिहायची थांबले. दान करणारा पुण्यासाठी करतो, आई लेकरासाठी जागते ते लेकरू रडलं तर तिलाच सहन होत नाही म्हणून. सगळं माझंच बोलणं, माझ्याच त्या वयातल्या ठसक्यात. मी तिला पहिला नंबर दिला. बोललीच तशी होती, काय करू? घरी आले आणि जेवण गेलं नाही. तेव्हापासून त्या उन्हाळ्यातून मला बाहेरच पडता येत नाहीये.

त्या उन्हाळ्यात मराठी राज्य नुकतंच झालं होतं, आपला भाग अजून धुळे जिल्ह्यात होता, आणि मी धुळ्याला मावशीकडे राहून कॉलेजात जात होते. खापर गावात आपलं घर शेवटचं, डोंगरातली माणसं बाजाराला उतरायची त्याच रस्त्यावर. पुढे दादांचं मीठ-गुळाचं दुकान, आणि ओट्यापाशी तुझा रांजण. बाजाराच्या दिवशी तू सकाळपासून तिथे उभी. डोक्यावर मोहाच्या फुलांची, चारोळीची गाठोडी घेऊन दोन-दोन तास उन्हात चाललेली माणसं यायची, गाठोडं उतरवायची, खाली वाकून ओंजळ तोंडाशी धरायची, आणि तू वरून लोट्याने धार सोडायचीस. रांजणाला त्यांनी हात लावायचा नाही, लोट्यालाही नाही. गावात सगळीकडे तसंच होतं आणि आपल्याकडेही तसंच. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तुलाही वाटलं नाही, मलाही नाही. पण तू धार सोडताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचीस. घशाखाली घोट उतरताना दिसला की तुझाही चेहरा ताप उतरल्यासारखा सैल व्हायचा. ते मला अजून दिसतं.

त्या वर्षी मी कॉलेजची वादविवाद स्पर्धा जिंकून सुट्टीला घरी आले होते. अंगात वारं भरलं होतं. बापाशी वाद घालावा तर दादा हसून उधारीची वही उघडायचे, म्हणून सापडलीस तू. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तू चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापते आहेस आणि मी उंबऱ्यावर बसून तुला विचारते आहे, "माय, तू त्या लोकसले पानी कसाले पाजस?"

"माले बरं वाटस म्हनीसन पाजस," तू म्हणालीस. "मंग?"

"मंग तो स्वार्थच शे ना. तू त्यासनाकरता नही करस, तुन्हाकरता करस."

तू वर पाहिलंस. तुला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तू मला शिकलेली समजायचीस, आणि शिकलेली पोरगी बोलते त्यात काही तरी असणार असं तुझं होतं. भाकर तव्यावर करपली तरी तुझं लक्ष नाही. मग म्हणालीस, "आनि माले बरं वाटनंच नही तं?"

"मंग तू करशीच नही," मी म्हणाले. स्पर्धेत याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

कॉलेजातल्या कुणीही माझं बोलणं इतकं मनावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू गड्याच्या मदतीने रांजण उचलून गावाकडच्या वळणावरच्या निंबाखाली नेलास, घरापासून थोडं लांब. गळ्यापर्यंत भरलास, झाकण ठेवलंस, झाकणावर लोटा उपडा घातलास. लोटा ठेवला म्हणजे घ्यायची मुभा दिली, असं तुझं गणित. परत येऊन, दादा माल घेऊन बाजारात गेल्यावर, पुढचं दार लावून घेतलंस आणि मागच्या अंगणात पापड लाटायला बसलीस. "आते सांग," तू मला म्हणालीस, "पानी कोन भरस हाई कोनले समजी? आनि मी तं बघाले बी नही." तुझ्या आवाजात जरा मिजासही होती. परीक्षेला बसल्यासारखी बसली होतीस तू पाटापुढे.

मी पुस्तक घेऊन वळणाजवळच्या एका रिकाम्या ओट्यावर जाऊन बसले. तिथून निंब पंधरा पावलांवर. उन्हं चढली तशी माणसं उतरायला लागली. पहिल्या बाया आल्या, रांजणापाशी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. मग एक म्हातारा आणि त्याची सून आली. म्हाताऱ्याने गाठोडं उतरवलं, गुडघ्यावर बसला, आणि माय, त्याने ओंजळ तोंडाशी धरली. रांजणाजवळ कुणीच नाही आणि हा ओंजळ धरून बसलेला. थोड्या वेळाने आपल्या बंद दाराकडे बघून त्याने हाक दिली, "याहा." तुला ते सगळे याहाच म्हणायचे, आईच. सून लोट्याकडे बघत होती, पण तिचा हात पदरातून बाहेर आला नाही. बाजारात कुणाच्या भांड्याला हात लागला म्हणून काय काय ऐकावं लागतं, ते तिला ठाऊक असणार. त्यांना हात लावू द्यायची तुझी तयारी होती, पण ते त्यांना सांगायला तिथे कुणी तरी असायला हवं होतं. म्हाताऱ्याने आणखी एकदा हाक दिली आणि दोघं उठून गेली.

मी का उठले नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता तो झिजून गेलाय. तेव्हा मनात होतं, की आता उठले तर मला बघवत नाही म्हणूनच उठेन, म्हणजे तोही स्वार्थच, मग उठण्यात काय मोठेपण? असं खरंच वाटलं होतं, की ते मी मागाहून जुळवलं? कदाचित मला उन्हाचा कंटाळा असेल. कदाचित त्यांच्या ओंजळीत पाणी ओतणं हे तुझं काम होतं, माझ्यासारख्या कॉलेजातल्या मुलीचं नव्हतं, असं असेल. पाणी देणाऱ्याच्या मनातला हेतू शोधायला मी शिकले होते. बसून राहणाऱ्याच्या मनात काय असतं, हे कुठल्याच स्पर्धेत कुणी विचारलं नाही. गेल्या आठवड्यातल्या त्या मुलीलाही मी विचारलं नाही.

संध्याकाळी तू रांजण बघायला गेलीस. परत आलीस ती पदराने कपाळ पुसत.

"पानी तसंच शे. कोनीच पिनं नही का वं? तू तं तठेच व्हती."

"माले काय म्हाईत? मी वाचत बशेल व्हती."

तू खाली बसलीस. पाटावरचं लाटणं उचलून बाजूला ठेवलंस. मग म्हणालीस, "मन्हा मनमा खोट शे म्हनीसन त्यासनी लिधं नही." आणि मग, "पन लोटाभर कमी शे. लोटा बी उपडा नव्हता. एकजन पिनं व्हई."

पुढच्या बाजारी तू रांजण परत ओट्यापाशी आणलास आणि धार सोडायला उभी राहिलीस. पण पदर डोळ्यांपर्यंत ओढून, मान वळवून. आपल्याला बरं वाटायला नको म्हणून तू त्यांच्याकडे बघायचं सोडलंस. धार कधी कुणाच्या मनगटावर पडायची, कधी मातीत. माझी सुट्टी संपेपर्यंत तू तशीच पाजत राहिलीस, आणि मी ते बघत राहिले. कुणाकडून तरी काही हिसकावून घेतलं असेल मी आयुष्यात, तर ते हे.

शेवटच्या आजारातही तू ती गोष्ट काढलीस. त्या दिवशी एक जण तरी प्यायलं होतं, म्हणालीस, आणि तुझा चेहरा पुन्हा तसा सैल झाला, जुना. मी तुझे पाय चेपत होते. तेव्हा मला सांगता आलं नाही. आज सांगते, आता हे वाचून दाखवायला तुझ्याजवळ कुणी नाही.

म्हातारा आणि सून दिसेनासे झाल्यावर मी ओट्यावरून उठले. पंधरा पावलं चालले, लोटा बुडवला आणि प्यायले. मला तहान लागली होती.