छातीवरचं नाव

आबा, अजून दिसतं, तुम्ही आखाड्यातली माती फावड्याने वरखाली करताय आणि मी ताकाची कळशी घेऊन शेजारी उभी आहे. यात्रेच्या दिवसाची सकाळ. ताक, हळद, तेल, लिंबू सगळं मातीत जिरलं की तुम्ही चिमूटभर माती तळहातावर चोळून बघायचात. त्या वर्षी मोठ्या कुस्तीची चांदीची गदा कापसाच्या जिनिंगच्या मालकाने दिली होती. त्याच्याकडे एक मजूर यंत्रात सापडून मेला होता. गदा आली आणि गावातलं ते बोलणं थांबलं. पंच म्हणून तुम्हाला त्याच्या हातून फेटा बांधून घ्यावा लागणार होता. तुम्ही बोडक्यानेच उतरलात. "आबाचं डोकं आज तापलेलं दिसतंय," कोणीतरी टोमणा मारला. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "माती चांगली शे, पोरी. देनाराना हात दख." देणाऱ्याचा हात बघ, एवढंच.

तुमचे जावई वाळवंटातल्या एका देशात फुटबॉलच्या मैदानाच्या बांधकामावर सळ्या बांधायला गेले, हे पाहायला तुम्ही राहिला नव्हतात. दिवसभर उन्हात काम करून खोलीवर झोपले, ते उठलेच नाहीत. कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' एवढंच. आता त्याच देशाच्या सरकारने परदेशातला एक जुना फुटबॉल संघ विकत घेतलाय. इथे जळगावच्या वाचनालयात मी हाती येईल ते वाचते. कोणी लिहितं, तेल संपल्यावरची ही तजवीज आहे. कोणी लिहितं, बदनामी झाकायची आहे. मला दोन्ही खरं वाटतं. जिनिंगवाल्यालाही कुस्ती मनापासून आवडायची. पण गदेनंतर लोक त्याला भाऊ म्हणू लागले, आणि पुढे गावचे तंटेही त्याच्याच शब्दावर मिटू लागले. तुमच्या बोडक्या डोक्याने त्याचं काय अडलं, आबा?

परवा तुमची नात त्या संघाचा टी-शर्ट घालून घरात आली. छातीवर त्या देशाचं नाव. मी विचारलं, "हा कशाला घेतलास?"

"पप्पा होते ना तिथे, म्हणून. आता मैत्रिणींना नाव सांगितलं की लगेच कळतं. आधी नकाशात दाखवावं लागायचं."

ती हसत होती. वडिलांचा विषय निघाल्यावर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या सरकारने विकत घेतलं ते हे हसू, माझ्याच घरातलं. तिला देणाऱ्याचा हात दाखवायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "जेवायला बस."

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी मी तो टी-शर्ट उलटा करून हाताने धुतला, छातीवरचं नाव जाऊ नये म्हणून, आणि सावलीत वाळत घातला.