पगाराच्या रकान्यात शून्य

१२ मार्च २००६

काय बाई आहे ही! नाक गळून पडेल अशी थंडी, आणि प्रतिमाताई मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये एका पंजाबी बाईला ड्रायव्हिंग शिकवतायत – स्वतःच्या गाडीवर. तिच्या नवऱ्याने चार वर्षं लायसन्स काढू दिलं नाही म्हणे. नोव्हायसारख्या अमेरिकन उपनगरात गाडीशिवाय बाई म्हणजे घरातच कोंडलेली.

'सोबत' ही संस्था ताईंनी आठ वर्षांपूर्वी घराच्या बेसमेंटमध्ये सुरू केली, आपल्याकडच्या अडलेल्या बायकांसाठी. एक फोन, दोन खुर्च्या. मी तिथे मंगळवार-गुरुवार फोनवर बसते. माझ्या नवऱ्याला, यतीनला, वाटतं, माझा टाइमपास चाललाय. वाटू दे.

१६ मार्च

एका मोठ्या फाउंडेशनकडे मदतीचा अर्ज करायचाय. काम माझ्या गळ्यात – एम.ए. इंग्लिश ना! ताई म्हणाल्या, साठ हजार डॉलर माग, यंदा डायरेक्टरचा, म्हणजे माझा, पगारही धर.

साठ! माझा हातच धजेना. किती हावरट दिसेल ते. आठ हजार लिहिले. पगाराच्या रकान्यात शून्य, आणि खाली ठसक्यात एक ओळ – आमच्या डायरेक्टरने आजवर एक सेंटही घेतलेला नाही. वाचून माझेच डोळे भरून आले. ताईंनी न वाचता सही केली. नंतर सांगेन, खूश होतील.

४ एप्रिल

अजून उत्तर नाही. आठ हजारांना कोण नाही म्हणेल?

९ मे

नाही म्हणाले.

फाउंडेशनची फोनवरची बाई फार गोड बोलत होती. तुमच्याकडे पगारी माणूस एकही नाही, बजेट एवढंसं, संस्था टिकेल कशावरून? पैसे मिळाले डाउनटाउनमधल्या एका मोठ्या एजन्सीला. त्यांच्या कामाच्या यादीत 'दक्षिण आशियाई महिलांपर्यंत पोचणे' हेही आहे. तिथे एकीलाही हिंदी येत नाही!

म्हणजे ताईंचा मोठेपणा म्हणून जे मिरवलं, तेच नडलं. कुठे तोंड लपवू!

११ मे

सांगून टाकलं. ताई चहा टाकत होत्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "याआधी तीन वर्षं पूर्ण रक्कम मागितली होती. तेव्हा म्हणाले, एवढे पैसे तुम्हाला झेपणार नाहीत. तू शून्य लिहिलंस म्हणून नाही गं सगळं."

मग सहज बोलावं तसं बोलल्या – त्यांच्या यजमानांना, श्रीरामकाकांना, जानेवारीत लेऑफ मिळाला. नोकरीबरोबर दवाखान्याचा इन्शुरन्सही गेला. काकांची बायपास झालेली. यंदा पगार हवाच होता. हे मला कळलं कधी, तर आज! मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. तोवर त्यांनी फोनवर कोणाला तरी बसचा रूट समजावला होता.

२३ मे

त्याच एजन्सीचा फोन. आमच्या स्टाफला ट्रेनिंग द्याल का, पत्रकांचं भाषांतर करून द्याल का. फुकट, अर्थात. बायकांच्या भल्यासाठी.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तासाला शंभर डॉलर."

 त्या फक्त थांबल्या. मी असते तर लगेच पन्नासवर आले असते, वर सॉरी म्हटलं असतं. आणि पलीकडची बाई हो म्हणाली!

बिल मी टाइप केलं. दोनदा चुकले. ताई शेजारी बसून बिनधास्त शेंगदाणे खात होत्या. बाई असावी तर अशी.

८ जून

एजन्सीने ताईंना नोकरीच दिली. पगार, इन्शुरन्स, सगळं. सोमवारपासून जाणार. डोळे पुसत म्हणाल्या, "सोबत आता तू चालव." मी हो म्हटलं. यतीनच्या नोकरीमुळे मिळालेल्या माझ्या डिपेंडंट व्हिसावर पगार घेता येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.